प्रार्थनेच्या खोलीतली कावीळ

सुरुवातीलाच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, शिक्षक नाही. इंटर सायन्सचं एक वर्ष बुडालेला विद्यार्थी आहे. आमच्या घरात सहीच्या पलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच, त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं लिहायला बसलो की हात आखडतो. आपल्याला काय अधिकार, असं वाटत राहतं.

पण या उन्हाळ्यात खालापूरकडच्या एका वसतिगृहाचे गृहपती भेटले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडेही कावीळ आली होती आणि यंदा पुन्हा येईल या धास्तीत ते होते. म्हणाले, "लहान पोरांचं एक बरं असतं. ती रडतात, मांडीवर घेतलं की गप्प होतात. ही चौदा-पंधरा-सोळा वर्षांची पोरं रडत नाहीत, बोलत नाहीत, नुसती छताकडे बघत पडतात. त्यांना काय सांगायचं तेच कळत नाही. तुम्ही त्यांच्यात पडून होता. तुम्हाला काही सुचलं असेल तर लिहा."

मला फारसं काही सुचलं नव्हतं. जे घडलं ते सांगतो. त्यातलं उपयोगी पडेल ते घ्यावं.

हळद

कर्जतच्या एका वसतिगृहात मी राहत होतो, अजूनही राहतो. जेवणखाण आणि खोली मिळते, त्या बदल्यात संध्याकाळी शाळेच्या मुलांचा अभ्यास घ्यायचा. आठवी ते अकरावीची मुलं, बहुतेक कशेळ्याच्या बाजूच्या भातशेती करणाऱ्या घरांतली. मला 'दादा' म्हणायची. दिवसा कॉलेज, संध्याकाळी अभ्यास, असं बरं चाललं होतं.

श्रावणात मला थकवा येऊ लागला. पायऱ्या चढताना मध्येच बसावंसं वाटायचं. स्वयंपाकाच्या मावशींनी फोडणी टाकली की पोटात ढवळायचं. मला वाटलं, जागरणं फार झाली. बीजगणित शिकवत होतो तेव्हा पुढच्या रांगेतला बाळू म्हणाला, "दादा, तुमच्या डोळ्यांत कुनी हळद टाकली?"

सगळे हसले. बाळूला काहीही बोलायची सवयच होती. मी त्याला उभं केलं, रागावलो, आणि फळ्याकडे वळलो. पण खडू हातात तसाच राहिला. लघवीचा रंग मला दिसत होता ना. मी तो कुणाला सांगितला नव्हता, स्वतःलाही नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली आणि लगेच सोडली. "कावीळ. औषध असं काही नाही. झोपायचं, तेल-तूप बंद, पाणी उकळून प्यायचं. घर कुठं?"

"ठाकुरवाडी. घाटात. वडील रेल्वेच्या गँगमध्ये आहेत, रूळ बघतात."

"घरात लहान मुलं?"

"दोन बहिणी."

"मग इथंच पडून राहा."

दवाखान्याच्या बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि लोक आपापल्या कामाला चालले होते. आजार कळला त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की सगळे फार जोरात चालत होते.

प्रार्थनेची खोली

मी पहिला. चार-पाच दिवसांत बाळू पडला, मग अकरावीतला, मॅट्रिकला बसणारा एक, मग आठवीतले दोघे, मग नववीतला एक. आमच्या गृहपतींनी विहिरीला कुलूपच घातलं. डोंगराकडून आलेल्या पाण्याने विहीर भरून वाहिली होती आणि तेव्हाच काहीतरी आत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. धडधाकट मुलांना घरी पाठवलं. आजाऱ्यांना एस.टी.त बसवून गावोगाव धाडू नका, अशी ताकीद होती. शिवाय काहींच्या गावाच्या वाटेवरचे ओढे उतरलेले नव्हते, आणि काहींच्या घरून 'तिथंच राहू द्या' असा निरोप आला होता. तो निरोप मुलांना कुणी सांगितला नव्हता. त्यांना तो माहीत होता.

प्रार्थनेची लांब खोली रिकामी करून तिथे आमच्या चटया टाकल्या. भिंतीला ओल होती. दिवसभर पडून एक उजेड सरकताना बघायचा. सकाळी पेज, दुपारी पेज आणि ताक, मध्ये साळीच्या लाह्या. अंगाला खाज सुटायची, ती खाजवली की नखं पिवळी दिसायची. या आजारात दुखत काही नाही. माणूस नुसता संपत जातो. हात उचलायचा तर आधी विचार करावा लागतो.

एक गोष्ट लिहू की नको ते कळत नव्हतं, पण लिहितो. आम्ही बौद्ध. वसतिगृहात सगळ्यांची ताटं एकत्र असत, तरी कुणाचे नातेवाईक भेटायला आले की माझ्या हातचं पाणी घेताना त्यांचा हात किंचित थांबायचा. ते मला सवयीचं होतं. काविळीत डॉक्टरांनी प्रत्येकाचं ताट, वाटी, तांब्या वेगळा करायला लावला. कुणी कुणाच्या भांड्याला शिवायचं नाही. मी माझा तांब्या उशाशी घेऊन पडलो होतो आणि मला हसू येत होतं. बाळूने विचारलं, "काय झालं दादा?" मी म्हटलं, "काही नाही रे. आता सगळेच वेगळे."

माळ

आमच्या भागात काविळीला माळ घालतात. एका मुळीचे छोटे तुकडे दोऱ्यात गुंफून केलेली लहानशी माळ असते. पहिल्या दिवशी ती डोक्यावर टोपीसारखी बसते. मग दिवसागणिक ती वाढते, सैल होते, कपाळावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर येते. बेंबीपर्यंत पोचली की कावीळ उतरली. मग ती वाहत्या पाण्यात सोडायची. डोंगराखालच्या वाडीतली एक म्हातारी अशा माळा करून देई. मुलांच्या घरच्यांनी आणून दिल्या. ज्यांचे घरचे आले नाहीत त्यांच्यासाठी मावशींनी आणल्या. गृहपतींनी ते चालू दिलं, डॉक्टरांनीही.

मुलांनी तिची शर्यतच लावली. सकाळी दाराशी उजेडात उभं राहून एकमेकांचे डोळे बघायचे आणि माळ कुठवर आली ते बोटांनी मोजायचं.

"माजी कानाच्या खाली आली!"

"अरं तुजं डोकंच ल्हान हाय, ती येनारच."

मला हे बघून बरं वाटायचं. मी विज्ञानाचा विद्यार्थी. ओली मुळी सुकली की आक्रसते, दोरा ढिला पडतो, असं मला वाटायचं. पण नक्की ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी बोललो नसतो. छताकडे बघणारी मुलं निदान सकाळी उठून दारापर्यंत जात होती.

माझ्या डोक्यावर माळ नव्हती. दीक्षा घेतल्यापासून बाबांनी गंडे, ताईत, अंगारे सगळं घरातून काढलं होतं. धाकट्या बहिणीला ताप भरला तेव्हा आजीने अंगारा लावायला घेतला, तर बाबांनी तिचा हात धरला आणि पोरीला पाठीवर घेऊन भर पावसात डॉक्टरकडे उतरले. ती वाचली. आमच्या घरात ही गोष्ट फार वेळा सांगितली जाते. त्यामुळे माझ्यासाठी माळेचा विषय कुणी काढला नाही, आणि मीही नाही.

नामा

नामदेव नववीतला. कशेळ्याच्या पलीकडच्या गावचा, वडील नाहीत, काका सांभाळतात. अंगाने थोराड, बोलायला कमी. त्याची चटई गळक्या कोपऱ्यात होती. त्याची माळ वाढत नव्हती.

बाकीच्यांच्या माळा गळ्यात उतरल्या तरी त्याची कपाळावरच. पहिल्यांदा सगळ्यांनी चेष्टा केली. बाळू म्हणाला, "नाम्या, तू बाशिंग बांधलंस का रं?" मग चेष्टा थांबली. चेष्टा थांबली तेव्हा तो जास्त घाबरला असावा. सकाळी दाराशी जायचं त्याने बंद केलं. मग पेज तशीच राहू लागली. गृहपती रोज येऊन म्हणत, "काही होत नाही रे, खाऊन घे." तो मान हलवायचा आणि वाटी चटईखाली सरकवायचा. डॉक्टर आले तेव्हा मला हळूच म्हणाले, "बाकीचे बरे होतील. याच्या पोटात काही गेलं नाही तर मला याला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल." ते हळू बोलले, पण खोलीत सगळे जागे होते.

मी माझी चटई त्याच्याजवळ ओढली. त्याला जागा बदल म्हटलं तर तो हलेना. बराच वेळ आम्ही दोघेही भिंतीवरची ओल बघत पडलो.

"दादा," तो म्हणाला, "तुमची माळ कुटं हाय?"

"नाही. आमच्यात आता घालत नाहीत."

"मंग तुमी कशानं बरं होनार?"

"झोपून. पेज खाऊन."

"आनि नाय झाला तर?"

माझ्या जिभेवर 'काही होत नाही' हेच आलं होतं. पण ते त्याने इतक्यांदा ऐकलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात बहुतेक सगळे बरे होतात. मलाही भीती वाटते."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझे डोळे अजून पिवळे होते, त्याच्याइतकेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, मला दाराशी घेऊन गेला, माझी पापणी स्वतःच्या अंगठ्याने खाली ओढली, डॉक्टरांसारखी. म्हणाला, "तुमी बरं झाला बिनमाळेचं, तर मी पन होईन." आणि त्याने कपाळावरची माळ काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवली.

बाळू ओरडला, "अरं नाम्या, काडू नको! अशी मदीच काडत नाय!"

"दादा बगतो ना," नामा म्हणाला.

त्या दिवसापासून तो माझ्या वाटीकडे बघून जेवू लागला. मी एक घास घेतला की तो एक. मला अन्नाचा वास सहन होत नव्हता. पेज घशाशी आली की मी तोंड मिटून बसायचो, कारण समोर तो चमचा धरून थांबलेला असायचा. इतका थकवा मला आधी कधी आला नव्हता. स्वतःसाठी आजारी असणं सोपं असतं. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांवर स्वतःचा जीव ठेवला की रोज सकाळी दाराशी जायची धास्ती वाटते.

बाबा

बाबा दुपारच्या पॅसेंजरने उतरले. गँगच्या खाकी कपड्यांतच होते. पावसात घाटात दरडी पडतात, त्यामुळे त्यांना सुट्टी नव्हती. बदली माणूस उभा करून आले होते. दाराशीच चपला काढून उभे राहिले. खोलीतल्या पिवळ्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना आत यायचं सुचेना.

"या ना बाबा," बाळू म्हणाला. "चावत नाय आमी."

ते माझ्याजवळ टेकले. आईने लाह्या पाठवल्या होत्या, त्या काढल्या. मग डब्याचं खालचं भांडं काढलं, आणि ते हातात धरून बसले. उघडेनात.

"काय आहे त्यात?"

त्यांनी झाकण काढलं. आत केळीच्या पानात माळ होती.

"ही देवाची नाय," ते भराभर बोलू लागले. "मुळी हाय. झाडाची मुळी. मी त्या म्हातारीला सांगितलं, मंतर बिंतर नको, नुसती मुळी दे. अवशदच हाय हे. मी कशाला शिवलो नाय, हात पन नाय जोडले."

मी ती हातात घेतली. हलकी होती, ओलसर होती. खरं सांगतो, मला ती घालावीशी वाटली. माझ्याही डोळ्यांतला पिवळेपणा उतरत नव्हता. गेले काही दिवस सकाळी आरसा टाळत होतो. शिवाय हा माणूस, ज्याने आजीचा हात धरला होता, ड्यूटी सोडून घाट उतरून ती घेऊन आला होता. ती नाकारली तर त्याला कुठे तोंड लपवायला जागा राहिली नसती.

बाळू म्हणाला, "घाला दादा. आता तुमी पन आमच्यात."

नामाने भिंतीकडे तोंड केलं होतं. काही म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बाबा," मी म्हटलं, "आज नको. चार दिवस बघू."

बाबांनी माळ परत घेतली नाही. माझ्या हातात ती तशीच राहिली.

"तुला वाटतं मी घाबरलो म्हून आनली?"

मी माळ चाचपत राहिलो.

"घाबरलोच हाय मी," बाबा म्हणाले. "घरात तुजी आई निजत नाय. मी तिला म्हनतो, गप बस, काय व्हत नाय. आनि रुळावर चालताना माजा पाय लटपटतो. मला भ्या वाटतंय रं यशवंता."

बाबांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तोही इतक्या पोरांसमोर. मला वाटलं, आता खोलीत हसू फुटेल. तसं झालं नाही. बाळू, जो कधी सरळ बोलायचा नाही, उठून बसला आणि म्हणाला, "तुमी आलात तरी. माजा बाप तर गेटावरनं परत गेला. मी खिडकीतनं बगितलं. आत यायला भ्यायला त्यो."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग अकरावीतला मुलगा म्हणाला, त्याला मरायची भीती नाही, मॅट्रिकचं वर्ष जाईल याची आहे, आणि हे बोलता बोलताच तो रडू लागला. आठवीतला एक पडायच्या आधी घरी जाऊन आला होता, आणि त्याला वाटत होतं की त्याच्यामुळे बहिणीला कावीळ झाली असेल आणि आपल्याला कुणी सांगत नाही. गृहपती दाराशी येऊन ऐकत उभे होते. त्यांनी लगेच माणूस पाठवून त्या बहिणीची खबर आणवली. ती ठणठणीत होती. इतकं साधं होतं ते, पण इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं, कारण आम्ही सगळे त्यांना 'काही होत नाही' म्हणत होतो.

नामा बाबांकडे वळला होता. "बाबा, तुमी पावसात घाटात एकलं फिरता, दरडी बगाया. तवा भ्या नाय वाटत?"

"वाटतं की."

"मंग?"

"भ्या वाटतं म्हून तर नीट बगतो. लाईन बघायला निडर मानूस नको रं बाबा. त्यो दगडाला अडकून पडंल." आणि बाबा हसले. ते हसल्यावर सगळेच हसले.

बाबा निघाले तेव्हा मी माळ पानात गुंडाळून डब्यात ठेवली. त्यांनी डबा उचलला. त्यानंतर ड्यूटी सुटली की जमेल तेव्हा ते उतरायचे, दाराशी बसायचे, पोरांना घाटातल्या गोष्टी सांगायचे. बाळूने त्यांचं नाव 'दरडबाबा' ठेवलं. ते त्यांना आवडलं असावं.

मी एवढंच शिकलो. या वयाच्या मुलांना धीर देणारा मोठा माणूस नको असतो, असं नाही. पण त्याने आधी खरं बोलावं. त्यांना आमचे चेहरे वाचता येतात. चेहरा एक सांगतो आणि तोंड दुसरं, मग ती छताकडे बघतात. आणि त्यांना काहीतरी काम द्यावं. त्यानंतर पाणी उकळलं की नाही हे बघायचं काम आम्ही बाळूला दिलं. तो चटईवरूनच मावशींना इतका छळायचा की त्या म्हणायच्या, "मेल्या, बरा हो आनि घरी जा!"

काका

माझे डोळे उतरू लागले. नामानेच सकाळी बघून जाहीर केलं. त्याचे मात्र उतरले नव्हते. तो जेवत होता, पण ओकत होता. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या खेपेला बघू आणि मोठ्या दवाखान्यात पाठवू.

त्याआधीच ओढे उतरले आणि काका आले. पुतण्याला बघायच्या आधी त्यांनी खिडकीच्या खिळ्याला लटकलेली माळ बघितली.

"ही कुनाची?"

"माजी," नामा म्हणाला.

"कुनी काडली?"

"मीच."

काका खोलीभर बघत राहिले. सगळ्यांच्या गळ्यात माळा, माझा गळा मोकळा. त्यांना विचारावं लागलं नाही.

"तुमच्यात नसंल घालत," ते मला म्हणाले. "आमच्या पोराला कशाला शिकीवता? त्याला बाप नाय. काय झालं तर मी त्याच्या आईला काय सांगू, शिकलेल्या मास्तरानं माळ काडाया लावली?"

मी उठून उभा राहायला गेलो आणि मला चक्कर आली. गृहपतींनी समजावलं, डॉक्टरांचा निरोप सांगितला. काका ऐकेनात. बाहेर बैलगाडी उभी होती. नामाला पाठुंगळी घेऊन ते निघाले. त्याची ट्रंक तिथेच राहिली. जाताना नामाने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

बाळूने खिळ्यावरची माळ काढली आणि गाडीमागे धावला. तोही आजारीच होता. दारापर्यंत जाऊन धापा टाकत बसला. गाडी वळली होती.

नंतर

मी बरा झालो. एक-एक करून खोलीतले सगळे बरे झाले. बरं होणंही कंटाळवाणं असतं, हे कुणी सांगत नाही. डोळे पांढरे झाले तरी अंगात काही नसतं. परीक्षा हुकली, वर्ष गेलं. कॉलेजातले मित्र पुढे गेले. आई म्हणाली, "जीव वाचला, वर्षाचं काय घेऊन बसलास?" बाबांना वर्षाचं माझ्याइतकंच वाईट वाटलं असणार.

नामाची खबर कळेना. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, तो आला नाही. त्याच्या गावचं दुसरं कुणी वसतिगृहात नव्हतं. कशेळ्याच्या बाजारात विचारलं तर एक म्हणाला, त्या बाजूला काविळीने एक पोरगा गेला. कोणता, ते त्याला माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला, गेलाबिला कुणी नाही. त्याच्या गावी जायला मी एकदा निघालो. कशेळ्यापर्यंत गेलो आणि परतीच्या एस.टी.त बसलो. काका दारात उभे राहतील आणि मी कोण हे सांगावं लागेल, एवढंच डोळ्यांसमोर आलं.

बाळू एरवी बोलायचा थांबत नाही. पण नामाचा विषय निघाला की तो उठून जायचा.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी ठरवलं होतं, की नामाचं काय झालं ते मला माहीत नाही असंच प्रामाणिकपणे लिहून थांबायचं. कारण हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना तसंच राहावं लागेल. एकत्र आजारी पडलेली माणसं नंतर एकमेकांच्या हाताला लागत नाहीत.

परवा

परवा सकाळी मी वसतिगृहात एकटाच होतो. सुट्टीमुळे मुलं घरी गेलेली. फाटक वाजलं. काका होते.

मला त्यांनी ओळखलं. 'राम राम' म्हणाले नाहीत. "ट्रंक न्यायला आलोय," एवढंच म्हणाले.

मी त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेलो. ट्रंकेवर धूळ होती, ती मी हाताने पुसली. काकांनी झाकण उघडलं, आतले कपडे चाचपले. एक सदरा उलगडून बघितला, खांद्यांशी बोटं लावली आणि परत घडी घातली. मला विचारायचं होतं. 'नामा कसा आहे' असं विचारावं, की 'नामाचं काय झालं' असं, तेच मला ठरवता येईना. ज्या घरचे लोक मुलाच्या वस्तू अशा नंतर न्यायला येतात, त्यांना काय विचारतात, ते मला माहीत आहे.

काकांनी ट्रंक खांद्यावर घेतली. मी फाटकापर्यंत त्यांच्यामागून गेलो. तिथे शेवटी म्हटलं, "काका, पाणी घ्याल का?"

ते थांबले. उन्हातून आले होते. मी तांब्या आणला. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, तांब्या माझ्या हातातून घेतला आणि वरून घटाघटा प्यायले. तोंड पुसलं.

"सदरे समदे आखूड झालेत त्याला," ते म्हणाले. "त्योच येनार व्हता. पर आमी भाताच्या रोपाला राब भाजाया घेतलेत, आनि वारा सुटलाय. म्हनलं, तू आग सांभाळ, मी जातो."

मी फाटकाला धरून उभा राहिलो.

"जूनपासनं नेरळला शाळंत घालतोय," काकांनी ट्रंक पुन्हा खांद्यावर चढवली. "हितं नाय."